वाट्यावरचे दोन बांगडे

मी पहिल्यांदा नापास झाले ती माझ्या आईमुळे, आणि पास झाले तीही तिच्यामुळेच. दोन्ही वेळा तिने कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

परीक्षा होती कॉम्प्युटर नेटवर्किंगची. तिचा लेखी भाग पुण्यात बसून देता येतो, तो मी दिला होता. खरी परीक्षा बंगलोरला, आठ तासांची आणि हातांनी करायची. तुमच्यापुढे राउटर आणि स्विच भरलेलं एक कपाट असतं आणि शेजारी प्रश्नांची जाड फाइल. ती सगळी यंत्रं एकमेकांशी बोलायला लावायची, तीही फाइलीत लिहिलंय अगदी तशीच. शंभरात ऐंशी मिळाले तर पास. एखाद्या प्रश्नातलं एक कलम चुकलं तर त्या अख्ख्या प्रश्नाला शून्य, अर्धे मार्क देण्याची पद्धतच नाही. भलीभली माणसं तिथे दोनदा-तीनदा आपटून परत येतात.

मला एवढी घाई असण्याचं कारण होतं पणजी. आमच्या पुण्याच्या कंपनीचं तिथलं ऑफिस २००८च्या जूनमध्ये उघडणार होतं आणि तिथे ही परीक्षा पास झालेला माणूस हवा होता. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "वर्षाली, मेपर्यंत पास झालीस तर पणजी तुझी. नाहीतर नोएडा." पणजीहून शनिवारी दुपारी निघालं की संध्याकाळच्या चहाला मालवणजवळ देवबागला घरी. नोएडाहून घरी यायचं म्हणजे गणपतीला एकदा, तेही रजा मिळाली तर. बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटी होती. ती 'ये' म्हणणारी नाही आणि 'जा' म्हणणारी तर नाहीच, त्यामुळे जे काय करायचं ते मलाच करायचं होतं.

डिसेंबरात मी पहिल्यांदा बंगलोरला गेले. पेपर असा सुटला की मी बाहेर येऊन दोन मसाला डोसे खाल्ले. दुसऱ्या दिवशी निकाल आला, नापास. कुठे चुकलं हे ते लोक सांगत नाहीत, फक्त विभागवार टक्के देतात. ज्या दोन विभागांवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, जे मी अगदी नटवून-सजवून ठेवले होते, त्यांतच माझी धूळधाण उडाली होती. मला तपासणाऱ्यांचा राग आला, यंत्रांचा आला, डोशांचाही आला. तीन महिने मी तोच अभ्यास आणखी जोरात केला आणि मार्चमध्ये दहा दिवसांची रजा काढून घरी आले. बरोबर पोत्यात बांधून आणलेले दोन जुने राउटर होते. ते सुरू झाले की त्यांचे पंखे घरभर घोंघावत. आई दारातून बघून म्हणाली, "ह्येंका कशाक दम लागलो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लोडशेडिंगने राउटरांचा दम बंद पडला आणि मी चरफडत पडवीत येऊन बसले. आई जवळा निवडत होती. आई म्हणजे चंद्रावती. मालवणच्या मासळीबाजारात तीस वर्षं बसणारी, आणि लिलावात समोरच्याच्या भुवईवरून त्याचा आकडा ओळखणारी. तिने विचारलं, "तेंनी तुका काय करूक सांगल्यानी?"

पेपर बाहेर सांगायचा नाही अशा कागदावर मी सही केलेली होती. म्हणून मी सगळं मासळीत घालून सांगितलं. "समज, एक गाव आहे. तिथून बाजारात यायला दोन रस्ते. त्यांनी सांगितलं, माल एकाच रस्त्याने येऊ दे. तो रस्ता बंद पडला तर माल थांबू दे."

"मगे?"

"मी पहिला रस्ता केला. आणि तो बंद पडलाच तर दुसऱ्याने माल येईल अशी सोयही करून ठेवली."

"ती तेंनी मागितल्यानी?"

"नाही. पण आये, माल थांबला तर कुजणार ना?"

"कुजतलो तर तेंचो कुजतलो. आणि काय केलंस?"

"दोन दारांना कुलपं लावायला सांगितली होती. मी साती दारांना लावली. म्हटलं, चांगलं दिसेल."

आईचे हात थांबले. जवळ्याने भरलेलं सूप तिने बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी घसरगुंडीवरून पडून आले की कुठे लागलंय ते बघायची. "चेडवा," ती म्हणाली, "तू वर घातलंस."

ज्यांनी मालवणात मासे घेतले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बांगडे वाट्याने विकले जातात. वाटा म्हणजे मांडून ठेवलेला ढीग. त्याची घासाघीस होते, सौदा ठरतो, वाटा पिशवीत पडतो. पण गिऱ्हाईक पिशवी मिटत नाही. ते उघड्या पिशवीसकट उभं राहतं आणि विकणारी काही न बोलता आणखी दोन बांगडे वर घालते. ते मागायचे नसतात आणि नाकारायचे तर मुळीच नसतात. मी पाच वर्षांची असल्यापासून आईच्या पाटाशेजारी बसून हे काम केलंय. वाटा आई द्यायची, वरचे दोन मी घालायचे. गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर हात ठेवून जायची. माझ्या हाताला ही सवय इतकी भिनलेली होती की वर काही न घालता एखादी गोष्ट दिली तर मला आपण चोरी केली असं वाटे. तपासणारे त्यांच्या पद्धतीने दार उघडायला गेले असणार आणि त्यांना माझी फुकटची पाच कुलपं लागली असणार. रस्ता तोडून माल थांबतो का बघायला गेले असणार, तर माल माझ्या दुसऱ्या रस्त्याने मजेत चाललेला.

मी कपाळाला हात लावला. तीन महिने मी आणखी जोरात तीच चूक करायला शिकत होते.

"आता गे काय करू?"

"सकाळी माझ्यावांगडा बाजारात चल," आई म्हणाली. "सात दिस माझ्या पाटार बस. गिरायक मागता तितक्याच देवचा. वर एक कोलंबी पडली तरी तू नापास."

पहिल्या दिवशी मी साडेसातलाच नापास झाले. आमचे जुने गिऱ्हाईक भाई आले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा आणि कापडी पिशवी, सोमवार आणि गुरुवार शिवराक, बाकी पाच दिवस आमच्याकडेच बांगडे. त्यांनी वाटा घेतला, पिशवी उघडी धरली, आणि माझा हात आपसूक पाटीत जाऊन दोन बांगडे घेऊन आला. आईने माडाच्या झावळीच्या हिराने मनगटावर एक सणसणीत दिला. बांगडे परत पाटीत पडले. भाईंनी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पिशवीत पाहिलं.

"भाई, आजपासून वर घालूचा नाय," मी पाटाकडे बघत म्हणाले.

भाई रागावले की कचेरीतल्या मराठीत बोलतात. "असं का?" ते म्हणाले. "वीस वर्षांत प्रथमच ऐकतो आहे." आणि तरीही पिशवी तशीच उघडी धरून उभे राहिले. मागे चार माणसं खोळंबली. मला घाम फुटला. बंगलोरच्या परीक्षेतही मला इतकं कठीण गेलं नव्हतं. शेवटी ते गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता उभ्या जन्मात आमच्याकडे फिरकत नाही.

पण दुसऱ्या दिवशीही ते आले, आणि पिशवी आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ उघडी धरली. एक बाई आल्या, म्हणाल्या, "माझो झील मुंबैसून इलो आसा गो, जरा बघ." दुसऱ्या एकीने माझ्या बाबांची आठवण काढली. हे सगळं वरच्या दोन बांगड्यांसाठी. शेजारच्या पाटावरची रुक्मिणी तर उघड उघड मजा बघत होती. "चंद्रे, तुझा चेडू पुण्याक जावन कवडीचुंबक झाला गो," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. माझे कान तापले. मी रागाच्या भरात पुढचा वाटा एक बांगडा कमीच बांधला. आईने तो सोडून पुन्हा मोजायला लावला. "कमी पण नको. मागितलेला पुरा, आणि थंयच थांबूचा."

तिसऱ्या दिवसापासून हात जरा ऐकू लागला. सगळ्यात कठीण होती ती वाटा दिल्यानंतरची घटका. काम पुरं झालेलं असायचं, समोर उघडी पिशवी असायची आणि हाताला उद्योग नसायचा. मी हात मांडीखाली घालून बसू लागले. पाचव्या दिवशी भाई दोन मिनिटं तरी उभे राहिले असतील. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "झाला, भाई." त्यांनी पिशवी मिटली आणि ते चालू लागले.

या सात दिवसांत मला आईचाही राग यायचा. रोज बारा वाजता ती छोट्या टोपलीवर केळीचं पान झाकून "माका जरा काम आसा" म्हणून निघून जायची आणि पाट घासायचं, पाणी ओतायचं, मांजरं हाकलायचं काम माझ्यावर पडायचं. तास-दीड तासाने ती धापा टाकत परत यायची. कुठे गेली होतीस म्हणून विचारलं तर म्हणायची, "हंयच."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा बंगलोरला गेले. तेच गारठलेलं दालन, आम्ही सहा उमेदवार, आणि देखरेखीला स्वेटर घातलेले एक किडकिडीत गृहस्थ. मी फाइल उघडली आणि आधी प्रत्येक प्रश्नाखाली कागदावर लिहून काढलं, यांनी नेमकं काय मागितलंय. त्यानंतरच कीबोर्डला हात लावला.

दुपारपर्यंत बरं चाललं. मग दोन राउटर एकमेकांना ओळखच दाखवेनात. चाळीस मिनिटं गेली. शेवटी सापडलं. एका वाटेवर नको त्या गोष्टी अडवायला मी जी चाळण लावली होती, तिच्यात हवी असलेली गोष्टही अडकली होती. एक ओळ बदलल्यावर दोघं लगेच बोलायला लागले. एका प्रश्नाचा अर्थ मला दोन्हीकडून लागत होता, तो मी उठून त्या स्वेटरवाल्यांना विचारला. ते म्हणाले, "लिहिलंय तेवढंच करा." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सगळं करून, दोनदा तपासून, जतन करून झालं तेव्हा एक तास उरला होता. आणि तिथे खरी परीक्षा सुरू झाली. काम पुरं झालेलं, समोर पडदा उघडा, आणि हाताला उद्योग नाही. यावेळीही एक प्रश्न तसाच होता. एकच वाट, ती तुटली तर तुटू दे. मी त्या वाटेकडे बघत बसले. किती एकाकी दिसत होती ती. शेजारी दुसरी वाट रिकामी पडलेली, एका ओळीचं काम. मला कळायच्या आत ती ओळ मी टाइप केलेली होती. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. बोट खाली येणार तेवढ्यात मला भाई दिसले, पांढरा सदरा, उघडी पिशवी, मिटायचं नाव नाही. मनगटावर हिराची जागा चुरचुरली. मी ती ओळ एकेक अक्षर करून पुसली, हात मांडीखाली घातले आणि उरलेली पन्नास मिनिटं तशीच बसून राहिले. स्वेटरवाले दोनदा येऊन विचारून गेले, बरं वाटत नाही का म्हणून.

बंगलोरहून गोव्यापर्यंत एक बस, तिथून दोन एसट्या असं करत दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवणला उतरले. निकाल इंटरनेटवर लागणार होता. स्टँडसमोर बाळाचं सायबर कॅफे, पाच कॉम्प्युटरांचं. बाळा दारातच कपाळावर आठ्या घालून बसला होता. "नेट सकाळपासून बंद आसा," तो म्हणाला. "तू इंजिनेर मगो? तीन नंबर तरी चालू करून दी."

म्हणजे देशातल्या सगळ्यात कठीण परीक्षेचा निकाल बघायला मला आधी बाळाचं नेट दुरुस्त करायचं होतं. टेबलाखाली शिरले. उंदराने सगळ्या वायरी कुरतडल्या होत्या. एक कापून नव्याने जोडली, तीन नंबर सुरू झाला, आणि मी नाकाला जळमट लागलेलं असतानाच निकालाचं पान उघडलं. ते पान वरून खाली इतकं हळू उतरत होतं की माझं नाव दिसल्यावर पुढची ओळ यायला मला अख्खा जन्म लागल्यासारखा वाटला. पास. मी ते दोनदा वाचलं आणि बाळालाही वाचायला लावलं, कारण माझ्यावर माझा भरवसा नव्हता.

मग मी पुन्हा टेबलाखाली शिरले आणि उरलेल्या चारही वायरी नीट करून बाहेर आले. बाळाने फक्त तीन नंबर मागितला होता. मला त्या क्षणी कोणी अडवू शकलं नसतं.

बाजारात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आईच्या पाटीत बांगड्यांचे शेवटचे काही वाटे होते. तिने माझ्याकडे पाहिलं. लिलावात माणसाच्या भुवया वाचणारी बाई ती, मी बोलायची गरजच नव्हती, तरी मी बोलले. "आये, झाले पास."

"म्हणजे पणजी मा?"

"पणजी. दर शनिवारी घरी."

"शनवारी माझो उपास आसता," आई म्हणाली. "आयतवारी मासे खा." आणि तिने सुरी उलटी धरली आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. रुक्मिणीने हात पुढे करून ती सरळ केली.

तेवढ्यात भाई आले. मला बघून थबकले. मी आईला बाजूला सरकवून पाटावर बसले, त्यांना वाटा दिला, आणि त्यांनी पिशवी उघडी धरताच आजचे दोन बांगडे वर घातले. मग मार्चमधले भाईंचे ते पाच दिवस मला आठवले. मी पाटीतून आणखी दहा बांगडे उचलले. "भाई, तुमचे ऱ्हवलेले," मी म्हणाले.

भाईंनी वीस वर्षांत पहिल्यांदा घाईघाईने पिशवी मिटली. "ते नको गो," ते म्हणाले. "ते माका तेव्हाच पावले."

"कोणी दिले?"

भाई आईकडे बघू लागले. आई मांजराकडे बघू लागली.

शेवटी रुक्मिणीला राहवलं नाही. "कोण देतला? तुझी आवस. रोज दुपारी रणरणत्या उन्नात घराघरात जावन वरचे दोन दोन पोचवन इली. भरडार, मेढ्यात, खंय खंय. आणि सगळ्यांका सांगान इली, माझ्या चेडवाची परीक्षा आसा, उद्या पिशयी आनी वायंच जास्ती येळ उघडी धरा."

"मला पाच मिनिटं सांगितली होती," भाई कचेरीतल्या मराठीत म्हणाले. "दोन मिनिटांनंतर हात भरून यायचा."

मुलगा मुंबईहून आलेल्या बाई, बाबांची आठवण काढणारी, कवडीचुंबक म्हणणारी रुक्मिणी. सात दिवस अख्ख्या मासळीबाजाराने माझी परीक्षा घेतली होती आणि मी त्या सगळ्यांवर मनातल्या मनात चिडत होते. केळीचं पान झाकलेली ती छोटी टोपली मला दिसली, आणि पाट घासायला लागतो म्हणून आईवर धरलेला रागही आठवला. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं, ते डोळ्यांतून वाहायला लागलं. बाजारात कोणी विचारलं नाही. तिथे सगळ्यांचेच डोळे मिठाच्या पाण्याने ओले असतात.

"आये, मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू मागलंस काय? तुका शिकूचा होता, तितक्या शिकयलंय." आईने माझ्या हातातले दहा बांगडे काढून घेतले आणि पाटीत परत मांडले. मग थोडा विचार करून त्यातले दोन उचलून बाजूला केळीच्या पानावर ठेवले.

"हे कोणाचे?" मी विचारलं.

"तुझे," आई म्हणाली. "वरचे."